घड्याळाचा सेल

आधी शिव्या खाऊन घेतल्या.
दोह्याहून अश्लेषच्या: काऊन बे, पुन्हा मेला का तुझा डब्बा?
हिंजवडीतून मृण्मयीच्या, जरा सभ्य: नेट पाय आधी.
भिलाईचा शार्दुल फक्त एक टिंब पाठवतो,
त्याचा राग तेवढाच.

नवतपाचा चौथा दिवस. रात्रीचे पावणेदोन,
आणि गोळीबार चौकामागच्या आमच्या खोलीत
भिंत अजून हात लावू देत नाही.
कूलरच्या तोंडाशी, घरच्या माणसांच्याही आधी, सर्व्हर बसतो,
बर्डीवरून बेचाळीसशेला आणलेला.
पोटावर अजून चिकटपट्टी: लेखा विभाग, टेबल ३.

पोर्ट उघडा आहे.
फायरवॉल पाडून पाहिली, पुन्हा उभी केली.
राउटर बंद, तीसपर्यंत मोजणं, राउटर चालू.
मॉड एकेक करून काढले,
सगळ्यात शेवटी मृण्मयीचा, संत्र्याच्या झाडांचा.
काढताना तिला सांगितलं नाही.
आमचं जग मात्र शाबूत होतं:
पूल, बोगदा, अश्लेषनं अर्धवट सोडलेला मनोरा,
सगळं जिथल्या तिथं. आत कोणी नाही.

मग लॉग. सातशे ओळी.
कूलरचा पंप घुरघुरतोय, मी बोट ठेवून वाचतेय
पहिलीत वाचायचे तशी.
पाहुणा आला. ओळखपत्र तपासलं.
ओळखपत्र अजून लागू झालेलं नाही.
पाहुणा गेला.
पाहुणा आला.

‘अजून’वर बोट थांबलं.
संपलं म्हणत नाही, खोटं म्हणत नाही.
अजून.
कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं:
एक जानेवारी दोन हजार बारा,
एक वाजून चार मिनिटं.

अकराला डीपी उडाली होती.
लाइट आली तेव्हा बिचारा उठला
आणि त्याला जे शेवटचं ठाऊक होतं
तिथून मोजायला लागला.
त्याच्या साली
अश्लेष खालच्या मजल्यावर राहतो,
मृण्मयी समोर, शार्दुल तिच्या मागच्या घरात,
आणि गच्च्यांवरून ओढलेल्या निळ्या वायरीतून
आम्ही एकमेकांना मारतो, जेवायला हाक येईपर्यंत.
वायर आहे अजून. नंदनवार काकू तिच्यावर टॉवेल वाळवतात.
दोह्याहून आलेला कोणी अश्लेष
त्याला कसा खरा वाटावा?

तारीख हातानं बदलली. तिघं आत आले, धडाधड.
अश्लेष थेट मनोऱ्यावर.
सात मिनिटं.
डीपी.

लाइट आली, पुन्हा बारा साल.
मदरबोर्डवर रुपयाएवढा सेल, मेलेला.
या वेळी इतवारीत कोण देतं सेल?
तसला घरात एकच आहे,
बाबांच्या शुगर मोजायच्या मशीनमध्ये.

हो. काढला.
अंधारातून बाबा: काय करून राहिली?
काही नाही.
झोप ना मग.

त्यानंतर डीपी आणखी एकदा उडाली.
घड्याळ हललं नाही.
अश्लेषनं मनोऱ्याला छत घातलं,
थँक्यू वगैरे काही नाही, ड्युटीला गेला.
शार्दुलचं टिंब आलं. हे बहुतेक चांगलं टिंब असावं.

साडेसहाला सेल परत मशीनमध्ये.
बाबांनी बोट टोचलं, थेंब दिला, वाट पाहिली.
एकशे बेचाळीस, म्हणाले.
मग मशीन खिडकीशी नेऊन, चष्मा वर करून:
हे एक जानेवारी दाखवून राहिलं.
माझ्याकडे पाहिलं.
झाकण काढलेल्या सर्व्हरकडे पाहिलं.
वहीत आजची तारीख स्वतःच्या हातानं लिहिली,
पुढे एकशे बेचाळीस.

दहाला दुकान उघडते, म्हणाले.
दोन आण.